पत्रा मारायच्या आधी

खानापूर
गौरी-गणपती झाल्यावर

चि. बाळी हिस आण्णाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मधेच बंद झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे. आईनं तुला तसं सांगितलंय, ते खोटं. तुमच्याकडं सकाळचे साडेदहा, इथं संध्याकाळचे सात वाजलेले, आरतीला गल्लीतली पोरं जमलेली. सगळ्यांना कौतुकानं दाखवावं म्हणून फोन पुढं धरला, तर तू आढ्याजवळ. एक पाय वाशावर, दुसरा कुठं ते दिसतच नव्हतं. "काय करायलीस गं वर?" म्हटलं, तर म्हणालीस, "एवढा एक पत्रा मारून उतरते, आण्णा." मी काय काय बोललो ते पोरांनीही ऐकलं. नर्सबाईनं सुया टोचाव्यात, हे तर बोलायलाच नको होतं. ते विसर.

आता त्या विषयावर लिहीत नाही. घराबद्दल लिहितो.

फोटो रोज बघतो. चाळीस वर्षं थापी धरली, पण पुठ्ठ्याच्या नळीत काँक्रीट ओततात हे तुझ्यामुळं बघितलं. आधी हसलो. मग तू सांगितलंस की हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि पायाच वर उचलतं, म्हणून ४ फुटांच्या खाली जायचं. आपल्याकडं पाया खचतो, तुमच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्स्विकात उचलतो! कट्ट्यावर सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. आणि तपासणीवाला खड्डे बघून गेल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, हा नियम मला फार आवडला. आमच्या कामांवर साहेब यायचा तो रंग लागल्यावर, चहाला.

६०० फुटांचं साधं लांबोडकं घर धरलंस, न्हाणी आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीला पाठ लावून, म्हणजे नळ सगळे एका जागी. कोपरा वाढला की पैसा वाढतो, हे मी तुला कधी शिकवलेलं आठवत नाही. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणालीस तेव्हा आई म्हणाली, "त्यात रडण्यासारखं काय आहे?" तिला कसं सांगू. तू पाच-सहा वर्षांची, जांबोटी रोडच्या कामावर डबा घेऊन आलेली. दोरीचं टोक तुझ्या हातात दिलं होतं आणि तीन, चार, पाच मोजून कोपरा गुण्यात, काटकोनात, कसा येतो ते दाखवलं होतं. दोरी सोडू नको म्हटलं तर माशी नाकावर बसली तरी तू हात हलवला नव्हतास.

भिंतीतल्या प्लास्टिकवरून आपलं भांडण झालं, त्यात तू बरोबर होतीस. आपल्याकडं ओल बाहेरून येते, पावसाकडून. तिथं थंडीत ती घरातूनच जाते, भाताच्या वाफेची, आपल्याच श्वासाची, आणि भिंतीत जाऊन गार होते. म्हणून प्लास्टिक आतल्या अंगाला. पटलं. फक्त लाइटच्या डब्यांभोवती फट ठेवू नकोस. जुन्या खिडक्या स्वस्तात मिळाल्या म्हणून सगळ्या उचलू नकोस, दोन काचांच्या मधे धुकं दिसलं तर ती खिडकी गेली समज. खिडकीभोवतीची पट्टी खालून वर लावत ये, वरची खालचीवर चढली पाहिजे, कौलं शाकारतो तशी. पत्र्याचंही तेच. पण पत्र्यावर सकाळी दव असतं, आणि दव पडलेला पत्रा म्हणजे साबणाची वडी. ऊन वर आल्याशिवाय

बघ, परत तिथंच आलो. एवढं शिकवायला मी कोण, तिथला कायदा तुला माहीत, मला नाही. चुकलं.

बापूचं तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस. टिळकवाडीतल्या बंगल्याचं काम. झड थांबली होती, पण परांचीचा काथ्या भिजलेला. मी खालून विटा देत होतो. उतर म्हणालो. एवढी एक ओळ लावून उतरतो, म्हणाला. त्याचा ओळंबा अजून माजघरात खुंटीला आहे. मी वापरत नाही आणि कुणाला देतही नाही. आक्काच्या धाकट्यानं परवा खेळायला घेतला तर त्याला मारलं मी. तो तीन दिवस बोलत नव्हता.

जावईबापूंची पाठ धरलीय हे माहीत आहे. बर्फाच्या आधी छप्पर झाकायचंय हेही माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, छपराला दोन माणसं लाव. माझी पोस्टातली ठेव मार्चला सुटते, तोवर आक्का द्यायला तयार आहे. तिला मी विचारलेलं नाही, पण देईल.

तुझ्या जागेचा करार इंग्रजीत, माझी पहाणी, म्हणजे जमिनीचा सातबारा, कन्नडात. दोन्ही दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं माझ्या नशिबात. २०१९ च्या ऑगस्टात मागची भिंत बसली तेव्हा पंचनामा तूच वाचून दाखवलास, दोनदा, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यातली चूक काढलीस. आता तलाठ्याकडं मी एकटाच जातो, मान हलवून येतो. त्याचं काही नाही. ती भिंत चिऱ्यानं बांधली, यंदाच्या पावसातही टिकली.

आई विचारते, दार कुठल्या दिशेला. आणि पाहुणे आले तर झोपायचं कुठं? वर माळा आहे, शिडीनं चढायचा, म्हणालीस. माझ्या गुडघ्यांना ती शिडी झेपेल का, हे आई विचारत नाही. मी विचारतोय.

रविवारी मी साडेसहापासूनच फोन घेऊन बसतो. खाली जमिनीवर उभी राहून उचल.

तुझा
आण्णा

ता. क. कमरेला बांधायचा तो पट्टा तिथं कितीला मिळतो ते कळव. आईला सांगू नकोस.