रात्रीची लाइन आणि शेतकऱ्याची झोप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रब्बी लागली की आमच्या फीडरचं, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीचं, वेळापत्रक पानठेल्यावर चिकटवलेलं दिसतं. चार दिवस दिवसा, तीन दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत लाइन दहाला येते आणि सकाळी सहाला जाते. तेवढ्या वेळात हरभऱ्याचं ओलीत उरकायचं म्हणजे दर तीन तासांनी मोटर बंद करून स्प्रिंकलरचे पाइप उचलायचे, चिखलातून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, जोडायचे आणि परत विहिरीवर येऊन मोटर सुरू करायची. मधल्या वेळात धुऱ्यावर घोंगडं पांघरून डोळा लावायचा, तोही अर्धाच, कारण रानडुकरं कधी शिरतील याचा नेम नसतो.

गेल्या डिसेंबरात तिसऱ्या रात्री माझ्या हातून चूक झाली. मोटर बंद केली असं समजून मी पाइपचा जोड सोडला. मोटर चालूच होती. पाण्याच्या दाबानं पाइप उसळला आणि भुवईवर बसला. वीस वर्षांपासून मी हे काम करतो, अंधारातही हात चुकत नाही. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची पुरी झोप कधी झाली होती?" मला आठवेना.

मग जमेल तसं वाचत गेलो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसांना जागं ठेवून त्यांच्या हाताची आणि नजरेची चाचणी घेतली होती. सतरा तास जागं राहिल्यावर त्यांचं काम इतकं बिघडलं, की जणू रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असावी. आपल्या कायद्यानं ३० मिलिग्रॅमच्या वर गाडी चालवणं गुन्हा आहे. मी पहाटे पाचला उठतो. म्हणजे रात्री दहाला लाइन येते तेव्हा माझे सतरा तास बरोबर भरलेले असतात, आणि तेव्हाच ओल्या हातानं स्टार्टर दाबायचा असतो.

झोप म्हणजे रिकामा वेळ, असं आपल्याकडे धरूनच चालतात. जास्त झोपला तो आळशी. पण झोपेत मेंदू थांबत नाही, कामं बदलतो. साधारण दीड तासाचा एक फेरा, असे रात्रीतून चार-पाच फेरे होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. दिवसभर जे पाहिलं-शिकलं ते आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जमा होतं, आणि गाढ झोपेत त्याची उजळणी होऊन ते पक्कं होत जातं. १९९४ साली अमेरिकेत उंदरांवर हे दिसलं. जागेपणी वाट शोधताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या, त्याच झोपेतही पुन्हा एकत्र जाग्या झाल्या. २०१३ साली उंदरांवरच आणखी एक गोष्ट आढळली. झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि तिथून वाहणारा द्रव दिवसभराचा कचरा धुऊन नेतो. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण मला ते आमच्या दांडासारखं, म्हणजे ओलिताच्या पाटासारखं वाटलं. दांड मोकळा असेल तरच पाणी पुढे सरकतं.

"दिवसा झोपून भरून काढा," असं सांगणारे भेटतात. त्यांनी एकदा करून पाहावं. मेंदूत सुमारे वीस हजार पेशींचं एक घड्याळ आहे. ते उजेडावर चालतं, लाइनच्या वेळापत्रकावर नाही. सकाळी सातला पाठ टेकली तर ते घड्याळ उठ म्हणतं. वर दूध काढायचं असतं, मजूर वावरात उभे असतात.

मला जास्त जाळतं ते मुलाचं. तो दहावीला आहे. अंधारात एकट्यानं जाऊ नये, पान लागलं, म्हणजे साप चावला, तर उचलून न्यायला कुणीतरी हवं, म्हणून तो बॅटरी घेऊन माझ्यासोबत येतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. संध्याकाळी प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा त्यानं मला घडाघडा समजावून सांगितला होता. रात्र वावरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीत त्याच प्रश्नापुढे कोरं पान ठेवून आला. मास्तर म्हणाले, पोराचं लक्ष नाही. लक्ष होतं. मी साक्षीदार आहे.

जिथे सौर फीडर झाले तिथे दिवसा लाइन मिळते. आमच्याकडेही ती मिळावी, ही मागणी जुनीच आहे. पण ते होईपर्यंत एक गोष्ट आजही करता येईल. रात्रीची लाइन दहाऐवजी पहाटे चारला सोडा आणि बाराला बंद करा. तास तेवढेच राहतील. आम्ही नऊला जेवून निजलो तर गाढ झोपेचे सुरुवातीचे फेरे तरी पुरे होतील, आणि पाइप बदलायची पहिली वेळ येईल तेव्हा उजाडलेलं असेल. फेब्रुवारी-मार्चात, दहावी-बारावीच्या परीक्षा असतात तेव्हा, एवढं तरी करावं.

आपला,
एक ओलीत करणारा शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ