मुक्ताच्या बाळंतपणाआधी

एडिंबरा,
14 फेब्रुवारी 2025

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मुक्ताच्या ओटीभरणाचे फोटो पोचले. हिरवी साडी तिला फार शोभून दिसते. पाय मात्र मला जरा सुजलेले वाटले. बीपी तू बघितलंच असशील, इतकी वर्षं उपकेंद्रात दुसरं काय केलंस! हे पत्र लिहायला बसले, कारण फोनवर हे बोलणं होत नाही. तिकडे पडवीत कुणी ना कुणी असतं, इकडे ईरा फोन ओढते. आधी एकटीने वाच, मग बाबांना दे.

ईराच्या वेळी मी तुला खरं सांगितलं नव्हतं.

ती 2023 च्या नोव्हेंबरात झाली. तुझं तिकीट काढलेलं होतं आणि बाबांच्या हृदयाचं निघालं. तू आली नाहीस ते बरोबरच केलंस, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. तुमची रात्रीची जेवणं आटोपली की तुझा व्हिडिओ कॉल यायचा. इथे तेव्हा चार वाजलेले असायचे आणि बाहेर अंधार झालेला असायचा, कारण डिसेंबरात इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. दूध पुरतं का, शी कशी झाली, नाळ पडली का, टाके सुकले का, असं तू सगळं विचारायचीस आणि मी सगळ्याची उत्तरं द्यायचे. कॉल संपला की फोन पालथा ठेवायचे आणि न्हाणीघरात नळ सोडून बसायचे. ईरा झोपली तरी माझा डोळा लागत नसे. तासातासाला उठून तिच्या नाकाशी बोट धरायचे. सगळे म्हणत होते, तिला बघून तुला भरून येत असेल. मला काहीच येत नव्हतं. निखिलची पंधरा दिवसांची रजा संपली, त्या सकाळी दार बंद झाल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

इथे बाळ झाल्यावर पहिले दहा-बारा दिवस मिडवाइफ घरी येते, मग हेल्थ व्हिजिटर. स्कॉटलंडात मूल शाळेत जाईपर्यंत तिच्या अकरा भेटी ठरलेल्या आहेत, त्यातल्या आठ पहिल्या वर्षातच. आपल्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, तसंच हे. ही बाई वजनकाटा घेऊन यायची आणि जाताना मला एक कागद भरायला द्यायची. त्यावर गेल्या सात दिवसांत मनाला कसं वाटलं याचे दहा प्रश्न असतात. हसू येतं का, पुढच्या दिवसांकडे आशेने बघता येतं का, उगाच स्वतःला दोष देतेस का, कारण नसताना भीती वाटते का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. हे प्रश्न इथलेच. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की या तिघांनी 1987 मध्ये ते प्रसिद्ध केले, म्हणून जगभर त्यांना एडिंबराचं नाव आहे. तुला एक गोष्ट आवडेल. भूक, अंगदुखी, थकवा यांबद्दल त्यात मुद्दाम काही विचारलेलं नाही, कारण ओल्या बाळंतिणीला ते असायचंच.

पहिल्यांदा तो कागद मी निखिलच्या शेजारी बसून भरला. पाच गुण. सगळं ठीक. सहाव्या आठवड्यात ती आली तेव्हा तिने निखिलला बाबागाडी घेऊन खाली पाठवलं आणि एवढंच विचारलं, "बाळ झोपल्यावर तू झोपतेस का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी रडत सुटले, निम्मं मराठीत बोलत होते, ती ऐकत राहिली. त्या दिवशी अठरा गुण भरले. शेवटचा प्रश्न जिवाचं काही बरंवाईट करण्याच्या विचारांचा असतो. तिथे मी "कधी कधी" वर खूण केली होती. ती दचकली नाही. काय विचार येतात, काही ठरवलं आहे का, हे तिने सरळ आणि हळू आवाजात विचारलं. मी सांगितलं, मी नसले तर ईराला चांगली आई मिळेल असं वाटतं. आई, हे तू वाचते आहेस याची मला जाणीव आहे. आता ते विचार येत नाहीत.

त्याच दिवशी डॉक्टरांनी बघितलं. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. अंगावर पाजताना ते चालतं, पाजणं थांबवावं लागलं नाही. दर आठवड्याला मानसिक आरोग्याची नर्स घरी यायची. निखिलने रात्री दहा ते तीन ईराला सांभाळायला घेतलं, मी काढून ठेवलेलं दूध तो पाजायचा. सलग पाच तासांची झोप हेही औषधच होतं. मार्चमध्ये एकदा आंघोळीनंतर तिचं डोकं पुसताना मी ते हुंगलं आणि पुन्हा हुंगलं, तेव्हा मला कळलं की मी परत येते आहे.

आपल्याकडे बाळंतिणीचं अंग जेवढं जपतात तेवढं मी इथे कुठे पाहिलं नाही. शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, उकड्या तांदळाची पेज, सव्वा महिना कामाला हात नाही. हे ऐकून इथल्या बायका गप्प होतात, त्यांच्याकडे चौथ्या दिवशी स्वयंपाक स्वतःच करायचा असतो. मुक्ताला हे सगळं मिळणार आहे याचा मला आनंद आहे. पण त्याच घरात तिच्या डोळ्याला पाणी आलं की कुणीतरी म्हणणार, "रडू नकोस, दूध आटेल." ते तेवढं तू म्हणू देऊ नकोस.

देऊळवाडीतली ती सून आठवते? बाळ सहा दिवसांचं होतं. रात्रभर बडबड, झोप नाही, बाळ आपलं नव्हेच म्हणायची. देवळात कौल लावला, बाहेरची बाधा ठरली, बाळ घेतलं आणि तिला माहेरी धाडलं. दवाखान्यात न्या, असं त्यांच्या अंगणात उभं राहून तूच सांगितलं होतंस. हजारात एक-दोन बाळंतिणींना असं होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि ते रक्तस्रावासारखंच तातडीचं असतं. उपचार झाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. इथून जवळच लिव्हिंग्स्टनच्या हॉस्पिटलात अशा आयांसाठी वॉर्ड आहे. तिथे बाळ आईजवळच राहतं, नर्स दोघांनाही सांभाळतात. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2009 पासून असा विभाग आहे, आणि आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे की उपचार चालू असलेल्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे वेगळं करू नये. तिला यातलं काहीच मिळालं नाही.

म्हणूनच सांगते, पाचवीच्या पूजेला सटवाईसाठी घरातले जागे राहा, मुक्ताला मात्र झोपू दे. तिची झोप उडाली आणि दिवसाही तिला झोपेची गरजच वाटेनाशी झाली, तर वाट बघू नकोस.

हे माझ्यासारखीला परदेशात एकटं पडल्यामुळेच होतं असं मला वाटायचं. तसं नाही. आपल्या शेजारी गोव्यात एका जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींचा अभ्यास 2002 मध्ये छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या 23 टक्के जणी नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यांच्या दुःखामागची कारणं होती. मुक्ताला मुलगी झाली तर तुझ्याकडून नाही, पण शेजारून "पहिली बेटी" म्हणत एखादा उसासा येईलच. तो तिच्या खोलीपर्यंत पोचू देऊ नकोस.

आणि यात तुझ्यासारख्या सिस्टर किती करू शकतात ते बघ. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत लेडी हेल्थ वर्कर म्हणून काम करणाऱ्या साध्या बायकांना नैराश्यातल्या आईशी बोलण्याची पद्धत शिकवली आणि त्यांच्या नेहमीच्या घरभेटींतच ती वापरायला सांगितली. 2008 मध्ये निष्कर्ष आले. या सगळ्या आया गरोदरपणीच नैराश्यात होत्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा अशा भेटी मिळालेल्यांतल्या 23 टक्के अजून नैराश्यात होत्या, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांतल्या 53 टक्के. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. पुढे गोव्यात गावातल्याच बायकांना "सखी" म्हणून असं शिकवलं, तिथेही उपयोग झाला. तू निवृत्त झालीस, पण आशाताई अजून तुला विचारायला येतात. त्यांच्याशी बोलशील?

सोबतच्या कागदावर ते दहा प्रश्न मी हाताने मराठीत लिहिले आहेत. सहाव्या आठवड्यात मुक्ताला दे, आणि तोवर दर दोन-तीन दिवसांनी नुसतं विचार. खोलीत कुणी नसताना. तेरा किंवा त्याहून जास्त गुण झाले, किंवा शेवटच्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं, तर डॉक्टर गाठायचे. ते निदान नाही, फक्त पुढे बघायला हवं एवढाच त्याचा अर्थ. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेव.

अमोललाही विचार. तो पुण्यात एकटा असेल आणि बारशाला पाहुण्यासारखा येईल. दहातल्या एका बापालाही हे होतं. त्याला पहिल्या दिवसापासून बाळाचं अंग पुसू दे, रात्री बाळ घेऊ दे. जावई म्हणून पाटावर बसवून ठेवू नकोस.

एक विचारायचं आहे. आजी सांगायची, मुक्ताच्या वेळी तू महिनाभर संध्याकाळी मागीलदारी जाऊन बसायचीस आणि हाक मारली तरी उठायची नाहीस. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरल्या होत्या. मी तेव्हा चार वर्षांची, मला एवढंच आठवतं की तू माझी वेणी घालायची थांबली होतीस. तेव्हा तुला काय होत होतं? मी मे महिन्यात येते आहे. तुला सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचं आहे.

बाबांना नमस्कार. मुक्ताला माझा पापा.

तुझी,
वैदेही

ता. क. कुळथाचं पीठ एक किलो काढून ठेव. ईराला पिठी-भात आवडायला लागला आहे.