हाँगकाँगला जायचं तर दिवाळीत जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला हाँगकाँगवरचा लेख वाचला. डिस्नेलँड, व्हिक्टोरिया पीक, चिम शा चोयमधलं पंजाबी जेवण आणि पायी फिरायची हौस असेल तर ‘ड्रॅगन्स बॅक’ ही डोंगरधारेवरची वाट. मी लग्न होऊन इथे आले, ताय पो भागात राहते. माहेर साताऱ्याचं, म्हणून डोंगरांची ओढ जुनी. लेखात राहून गेलेलं थोडं कळवते.

ड्रॅगन्स बॅक सुंदरच आहे, पण रविवारी तिथे माणसामागे माणूस चालतो. या चिमुकल्या प्रदेशाची जवळपास 40 टक्के जमीन राखीव डोंगर-जंगलांची आहे, मग सगळ्यांनी एकाच धारेवर का जावं? ताय पो मार्केट स्टेशनवरून 64के नंबरची बस घ्या आणि ङ तुंग चायला उतरा. नाव जिभेवर येत नसेल तर फोनवर चिनी अक्षरं दाखवा. गावामागून वाट झाडीत शिरते आणि एकावर एक चार धबधबे लागतात. दगड शेवाळलेले असतात, बूट चांगल्या पकडीचे हवेत. दम असेल त्यांनी तसंच ताय मो शानकडे चढावं. 957 मीटरचं ते इथलं सर्वांत उंच शिखर.

आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर ताय पो काउचं जंगल गाठा. 1926 पासून लावत आणलेली ही झाडी. वाटा रंगांनी ओळखायच्या: लाल 3 किलोमीटर, निळी 4, तपकिरी 7, पिवळी 10. मंगळवारी-बुधवारी गेलात तर डोक्यावरून निखार पक्ष्यांचे थवे जाताना दिसतील.

आता जेवण. कँटनीज म्हणजे आपलं मंचुरियन नव्हे. आलं-कांदापात घालून वाफवलेली मासळी, तांदूळ विरघळेपर्यंत शिजवलेली पेज म्हणजे जुक, असं ते सौम्य, ताज्या मालावर भिस्त ठेवणारं खाणं. ते चकचकीत हॉटेलात शोधू नका. सरकारी मंडईच्या इमारतीत शिरा. खाली मासळी-भाजी, वरच्या मजल्यावर जेवणाचे गाळे. आमच्या ताय पो हुय मार्केटमध्ये सकाळी आजी-आजोबांची गर्दी असते. अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायला संकोचू नका, तीच इथली रीत. वाट्या-चमचे गरम चहाने विसळून घेतात. कुणी तुमच्या कपात चहा ओतला की बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची, झाले आभार. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, पण गाफीलही राहू नये. साध्या दिसणाऱ्या जुकमध्येही डुकराच्या हाडांचा रस असू शकतो, पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असतो. ‘ङो सिक जाय’, म्हणजे ‘माझं खाणं शाकाहारी’, असं म्हणा. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले अनेक बौद्ध लोक स्वतः जाय पाळतात, त्यामुळे मांस-मासे नकोत हे चटकन कळतं. जाय चंग मागवा: आत काहीही न भरलेली, तांदळाच्या पिठाची वाफवलेली मऊ वळकटी, वर तीळ आणि शेंगदाण्याचा सॉस. लांताउ बेटावर पो लिन मठात तर पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आपली माणसं मेच्या सुट्टीत येतात. तेव्हा इथे अंगाची लाही करणारा दमट उकाडा असतो आणि पाऊस कोसळला तर डोंगरात पाय ठेवणं जिवावर बेतू शकतं. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होते, आकाश निवळतं. डोंगरवाटांवर कचरापेट्या शोधू नका, त्या 2017 मध्येच काढल्या. चिवड्याची रिकामी पिशवीसुद्धा सॅकमधूनच परत आणायची, एवढं मात्र कृपा करून पाळा.

दिवाळीच्या सहलींची नोंदणी सुरू होण्याआधी हे पत्र छापलंत तर आभारी राहीन.

आपली नियमित वाचक,
ताय पो, हाँगकाँग