लिंकनच्या गावांची वाट दाखवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकूंस,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र लिहिते आहे. तुमचं नाव घालायचं नाही ही अट पाळली आहे. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शिवाय शिकागो, इंडियानापोलिस किंवा सेंट लुइसकडचं कुणी अशी सहल काढणार असेल, तर त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

ऑक्टोबरातली आमच्या मंडळाची लिंकन सहल छान पार पडली. बसमध्ये शाळकरी मुलं, त्यांचे आईबाबा आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा असा सगळा गोतावळा होता. मूळ बेत साधा होता: शनिवारी सकाळी निघायचं, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला लिंकनचं घर, संग्रहालय आणि समाधी बघायची आणि रविवारी परतायचं. तुम्ही तिथे इतकी वर्षं राहताय, तेव्हा जेवायला कुठे जावं एवढंच विचारायला मी फोन केला होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तो स्प्रिंगफील्डला राहायला आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या आधीचा लिंकन मुलांना कुठे भेटणार?"

त्या एका प्रश्नाने सहल बदलली. जिथे तो जन्मला त्या केंटकीतल्या हॉजनव्हिलपासून सुरुवात, तिथून इंडियाना, मग इलिनॉय. तो ज्या क्रमाने जगला त्याच क्रमाने आपण जायचं, हे तुम्ही ठरवलंत. तारीखही तुम्हीच ठरवलीत. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ऑक्टोबरअखेर जायचं होतं, कारण त्या भागात झाडं तेव्हा ऐन रंगात असतात. तुम्ही मात्र पहिल्या आठवड्यावर ठाम राहिलात. "पानं तुम्हाला कुठेही दिसतील. त्याची आई ५ ऑक्टोबरला गेली, त्या दिवसांतलं ते रान बघा," असं म्हणालात. याचा अर्थ तिथे पोचल्यावर कळला.

तुम्ही करून दिलेला तक्ता अजून माझ्या फ्रिजवर लावलेला आहे. कुठे किती चालायचं, पायऱ्या कुठे, बसायला बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे, बस कुठे उभी करायची, सगळं त्यात होतं. हॉजनव्हिलला ग्रीक देवळासारखी जी स्मारकाची इमारत आहे, तिच्यापर्यंत ५६ पायऱ्या आहेत, लिंकनच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक. मुलांना मोजत चढायला मजा, पण गुडघे दुखणाऱ्या आज्यांचं काय? पायऱ्या टाळून वर जाता येतं हे तुम्ही लाल शाईने लिहून ठेवलं होतंत, म्हणून एकही आजी खाली बसून राहिली नाही. हॉजनव्हिल ईस्टर्न वेळेत आणि इंडियानातलं लिंकन सिटी सेंट्रल वेळेत, म्हणजे जाताना एक तास मिळतो, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. पुढे कंसात लिहिलं होतंत: "हा तास दुकानात घालवू नये." सांता क्लॉज नावाचं गाव तिथून अगदी जवळ आहे आणि मुलांना त्याचा सुगावा लागला होता, म्हणून ही सूचना फारच कामाची ठरली!

मला सगळ्यांत जास्त आभार मानायचे आहेत ते तुम्ही खरं-खोटं वेगळं करून दिलंत त्याबद्दल. हॉजनव्हिलच्या त्या इमारतीत एक ओंडक्यांची झोपडी आहे. लिंकन याच झोपडीत जन्मला असं एके काळी मानत, पण लाकडाची तपासणी झाल्यावर ते ओंडके त्याच्या जन्मानंतरच्या काळातले निघाले. तुम्ही हे मुलांना आधीच सांगितलंत आणि म्हणालात, "झोपडी बघा, पण मग खाली झऱ्यावर जा. तो झरा खरा आहे." १८०९ च्या फेब्रुवारीत ज्या कुटुंबात तो जन्मला, त्या कुटुंबाने त्या झऱ्याचं पाणी प्यायलेलं आहे. खडकाच्या खोबणीत उतरून मुलं बराच वेळ ते पाणी बघत होती. वरच्या संगमरवरापाशी ती इतकी रमली नव्हती.

तसंच त्या पत्राचं. आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या भिंतीवर वाचलेलं, लिंकनने मुलाच्या गुरुजींना लिहिलेलं पत्र. आमच्या मंडळात ते बसमध्ये मोठ्याने वाचायचं ठरलं होतं. तसं पत्र लिंकनच्या संग्रहित लेखनात कुठेही नाही, हे तुम्ही कुणालाही न दुखावता सांगितलंत. "त्यातले विचार चांगले आहेत, ते घरी जरूर वाचा. पण त्याच्या गावाला जाताना त्याचेच शब्द घेऊन जा," असं म्हणालात आणि ११ फेब्रुवारी १८६१ ला वॉशिंग्टनला निघताना त्याने स्प्रिंगफील्डच्या स्टेशनवर केलेलं छोटंसं भाषण पाठवलंत. इथे मी पाव शतक राहिलो, तरुणाचा म्हातारा झालो, इथे माझी मुलं जन्मली आणि एक इथेच पुरलेलं आहे, असं तो त्यात म्हणतो. आठवीतल्या एका मुलीने ते स्टेशनच्या जुन्या इमारतीसमोर वाचलं. तोवर आम्ही केंटकी आणि इंडियाना बघून आलो होतो, म्हणून ते 'पाव शतक' आम्हाला ऐकू आलं.

केंटकीतल्याच नॉब क्रीकला आम्ही थोडाच वेळ थांबलो, पण तिथलं एक सांगायलाच हवं. टेकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लिंकन कुटुंबाची शेती होती. लहानग्या अब्राहमने तिथे मक्याच्या ओळींत भोपळ्याच्या बिया लावल्या आणि दुसऱ्या दिवशी डोंगरात पाऊस झाला, पाणी खाली आलं, मका, बिया, माती सगळं वाहून गेलं. ही आठवण त्याने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर सांगितली होती. आमच्याबरोबर साताऱ्याकडचे एक आजोबा होते, जन्मभर शेती केलेले. त्यांनी त्या पट्टीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "इथं खाली पेरलं की वरचं पाणी घेऊन जाणारच. बापाला ठाऊक असणार, पण दुसरी जमीन कुठली आणायची?" शाळेत 'लॉग केबिनमधला गरीब मुलगा' म्हणून वर्षानुवर्षं शिकलेल्या मुलांना गरिबी म्हणजे काय ते त्या वाक्याने कळलं.

आणि मग इंडियाना. काकू, तुम्ही हट्ट धरला नसता तर हे ठिकाण आम्ही गाळलंच असतं. लिंकन सात ते एकवीस वर्षांचा होईपर्यंत तिथे राहिला, तरी तिकडे फारसं कुणी जात नाही. समोरच्या स्टेट पार्कमध्ये आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात खाल्ला. मग झाडांमधल्या रस्त्याने टेकडीवर गेलो. वर जुनं कबरस्तान आहे, तिथे नॅन्सी हँक्स लिंकनची कबर. १८१८ साली ती गेली तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि अब्राहम नऊ वर्षांचा. आज दिसणारा पांढरा दगड १८७९ सालचा, 'तिच्या हुतात्मा मुलाच्या एका मित्राने' बसवलेला.

तिथून पायवाटेने परतताना कबरस्तानाच्या पलीकडे, रानाच्या कडेला तुम्ही सांगितलेलं झाड दिसलं. गुडघ्याच्या वर उंची, करवतीकाठाची पानं, टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचे विरळ झुबके. कोकणातल्या एक आजी म्हणाल्या, "ही तर आपली रानमोडी!" दिसायला खरंच तशीच. पण ती व्हाइट स्नेकरूट. शरदाच्या तोंडाला गवत वाळलं की गाई रानात शिरायच्या आणि हे हिरवं झुडूप खायच्या. विष दुधात उतरायचं आणि ते दूध पिणारी माणसं दगावायची. नॅन्सीच्या आधी काहीच दिवस तिचे जवळचे नातलग असेच गेले होते. तिला वाचवायला ना डॉक्टर जवळ होता, ना कुणाला कारण ठाऊक होतं. बापाने शवपेटी केली आणि पोराने तिच्यासाठी लाकडी खुंट्या तासल्या, असं सांगतात. साताऱ्याचे आजोबा त्या झुडपापाशी उभे होते. त्यांनी पान तोडलं नाही, नुसतं बोटाने उलटं करून पाहिलं. एका मुलाने विचारलं, "म्हणजे दुधाने आई गेली?" त्याची आई शेजारीच होती. तिने त्याचा हात धरला.

पानं रंगण्याची वाट पाहत बसलो असतो तर हा बहर सरला असता. तुमचा ऑक्टोबरचा पहिला आठवडा आम्हाला तिथे समजला.

लिंकन तरुणपणी इलिनॉयमधल्या ज्या गावात राहिला, त्या न्यू सेलमबद्दल थोडक्यात लिहिते. ओंडक्यांची घरं पुन्हा उभारलेलं ते गाव मुलांना फार आवडलं. लिंकनने तिथे दुकान चालवलं, पोस्टमास्तरकी केली, जमिनी मोजल्या आणि कर्जही डोक्यावर करून घेतलं. पिंपं बनवणाऱ्या कारागिराचं दुकान तेवढं मूळचं, हे तुमच्या तक्त्यात असल्यामुळे मुलं थेट तिकडेच धावली.

शेवटी स्प्रिंगफील्ड आणि तुम्ही स्वतः. एट्थ आणि जॅक्सन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं ते तपकिरी घर लिंकनने १८४४ साली घेतलं. आयुष्यात त्याच्या मालकीचं असलेलं एवढं एकच घर. मोठ्या गटाला आधी नोंदणी लागते, ती तुम्ही आठवण करून करून आमच्याकडून करून घेतलीत. तिकिटाला पैसे पडत नाहीत, कारण थोरल्या मुलाने, रॉबर्टने, १८८७ साली घर राज्याला देताना ते लोकांना कायम विनामूल्य खुलं राहील अशी अट घातली होती. हे ऐकून आमच्यातल्या एका आजोबांनी दारातच हात जोडले. जिन्याचा कठडा जुनाच आहे आणि तो धरूनच वर जायचं असतं. गाइडने तसं सांगितल्यावर रांगेतल्या प्रत्येकाची चाल मंदावली. लाकूड गुळगुळीत आणि जरासं गार. मागच्या माणसासाठी हात पुढे सरकवावा लागतो, पण कुणालाच तो लवकर सोडावासा वाटत नव्हता.

पण तुम्ही आम्हाला त्या घराशी थांबू दिलं नाहीत. त्याच रस्त्यावरच्या एका रिकाम्या जागेसमोर घेऊन गेलात. तिथे जेमिसन जेंकिन्स नावाचा कृष्णवर्णीय गाडीवान राहायचा. गुलामीतून पळून आलेल्यांना तो मदत करायचा आणि १८६१ च्या त्या फेब्रुवारीत त्यानेच लिंकनला स्टेशनवर पोचवलं. तिथून तुम्ही आम्हाला १९०८ च्या दंगलीची जागाही दाखवलीत. लिंकनच्याच गावात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरं जाळली, माणसं मारली, आणि त्या धक्क्यातून पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संस्था उभी राहिली. २०२४ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. लहान मुलांना हे कशाला, असं काही पालकांना आधी वाटत होतं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. बसमध्ये माइक घेतलात आणि महात्मा फुल्यांबद्दल बोललात.

१८७३ साली पुण्यात फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थ बाजूला ठेवून झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना मुक्त करावं, ही आशा त्यांनी तिथे लिहून ठेवली. लिंकनच्या मुक्ती जाहीरनाम्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. तुम्ही ही अर्पणपत्रिका वाचलीत आणि म्हणालात, "आपल्या माणसाने हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपण इथे नुसते पाहुणे म्हणून आलेलो नाही." साताऱ्याचे आजोबा तेव्हा मान ताठ करून बसले होते. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, त्यांच्याच जिल्ह्यातलं!

त्या बोलण्यानंतर समाधीपाशी गेलो. बाहेरच्या लिंकनच्या ब्राँझच्या शिल्पाचं नाक लोकांच्या हातांनी सोन्यासारखं चमकतं, मुलांनीही ते चोळलं. आत मात्र कुणाला गप्प करावं लागलं नाही. लिंकन, त्याची पत्नी मेरी आणि चारपैकी तीन मुलं तिथे आहेत. त्यांतल्या एडीचं नाव मुलांनी भाषणातल्या त्या 'इथेच पुरलेलं' शी स्वतःच जोडून घेतलं.

काकू, तुम्हाला हे सगळं करायची काही गरज नव्हती. रोज संध्याकाळी फोनवर तासतास बसलात, बस कंपनीने आयत्या वेळी वेळ बदलली तेव्हा सगळं नव्याने मांडून दिलंत आणि पैशांचं नाव काढलं की रागावलात. आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. तुमचा तक्ता दुसऱ्या गावांतल्या मंडळांना दिला तर चालेल का? मागणी आली आहे. त्यात आम्ही एवढीच भर घातली आहे की न्यू सेलमला अर्धा दिवस तरी ठेवावा आणि इंडियानात कबरस्तानाच्या वाटेवर बंद बूट घालावेत. दुसरं, मुलांनी तुम्हाला पत्रं लिहिली आहेत, काहींनी मराठीत, मोडकीतोडकी पण स्वतः लिहिलेली. ती फराळाच्या डब्याबरोबर दिवाळीआधी पोचतील. चकल्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत, पार्सल आडवं करू नका.

तुमची,
मंडळाची सहल सांभाळणारी