नऊ सेकंदांची मंजुरी

प्रिय दिन्या,

तीन आठवडे तुझ्या ऑडिट रिपोर्टचा ड्राफ्ट माझ्याकडे पडून आहे आणि 'बघतो' एवढं कळवून मी गप्प बसलोय. चिडला असशील, चिड. गुडघा ठीक, साखर आटोक्यात, तो विषय संपला.

फोन केला नाही कारण दुसऱ्याच वाक्याला तू तो ठेवला असतास. ड्राफ्ट नेटका आहे. पण चौथ्या वर्किंग पेपरवर, म्हणजे तपासणीच्या नोंदींच्या कागदावर, तू लिहिलंयस, '२५ बिलं तपासली, सगळ्यांवर मंजुरी आहे, अपवाद नाही.' आणि त्यालाच जोडलेल्या सिस्टिमच्या यादीत मंजुरीच्या वेळा छापल्यात. एका संध्याकाळी ६ मिनिटांत ४० बिलं मंजूर. बिलामागे ९ सेकंद! तेवढ्यात सोबतची ऑर्डर उघडत नाही, दर जुळवणं दूरच. मंजुरी आहे का, ते तू पाहिलंस. तपासणी झाली का, ते पाहायचं राहिलं. पुरावा तुझ्याच फायलीत होता, म्हणून जास्त लागलं.

आता लगेच 'बनावट मंजुरी' लिहायला धावू नकोस. (धावशील. स्टोअरच्या प्रकरणात भाऊंसमोर काय झालं ते आठव.) या ९ सेकंदांमागे निदान तीन शक्यता आहेत. मंजुरी देणारे साहेब दिवसभर कागद वाचत असतील आणि संध्याकाळी नुसतं क्लिक करत असतील. किंवा पासवर्ड भलत्याच कुणाकडे असेल. किंवा न बघता क्लिक होत असेल. पहिलं खरं असेल तर कागदावर खुणा, शंका विचारणाऱ्या मेल, परत पाठवलेली बिलं, असं काहीतरी सापडायलाच हवं. दुसरं असेल तर साहेबांच्या रजेच्या दिवशीही मंजुऱ्या दिसतील. हजेरी आणि लॉगिनचा लॉग शेजारी ठेवले की कळेल. तिसऱ्यासाठी वर्षभरात किती बिलं परत गेली ते मोज. शून्य आलं तरी उडी मारू नकोस, बिलंच निर्दोष असू शकतात. त्या ४० बिलांची ऑर्डर, माल पावती आणि बिल स्वतः जुळव. दर किंवा नग चुकलेलं एखादं बिल मंजूर होऊन गेलेलं निघालं, की 'तपासणी होते' हे म्हणणं तिथेच अडतं. मनात भरलेल्या शक्यतेला दुजोरा देणारे कागद ढिगाने मिळतात रे, तिला खोटं पाडू शकेल असा एक कागद शोधायचा असतो.

आणि 'तुम्ही बिलं तपासता ना?' असं विचारू नकोस. त्याला 'हो' सोडून उत्तर नाही. 'शेवटचं परत पाठवलेलं बिल दाखवा' म्हण आणि गप्प बस. तुला दुसरं जमणार नाही, तरी प्रयत्न कर.

आता आपलं जुनं भांडण. २५ पुरतात, असं तू दहा वर्षं म्हणतोयस. २५ मध्ये शून्य चुका निघाल्या तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की एकूण चुकांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या फार वर नसावं. ६० घेतलीस तर ही हद्द ५ टक्क्यांच्या आसपास येते. तीही नमुने यदृच्छ निवडले असतील तरच, खात्याने काढून दिलेल्या गठ्ठ्यातले नव्हेत. शिवाय तुझी यादी पैसे देऊन झालेल्या बिलांची आहे. आलेलं पण नोंदलंच न गेलेलं बिल तिच्यात कधीच सापडणार नाही, ६०० तपासलीस तरी. त्यासाठी उलट्या दिशेने जावं लागतं: माल पावती उचलायची आणि हिशेबाच्या खात्यात नोंद शोधायची. आणि यादीची बेरीज खात्याच्या बाकीशी जुळवलीस का? रिपोर्ट काढताना लावलेल्या एका फिल्टरने अख्खी शाखा गळते.

बेनफर्डचा तक्ता (रकमांचा पहिला अंक साधारण किती वेळा कोणता येतो, तो) पाहून हसलो. पहिला अंक १ सुमारे ३०.१ टक्के, ९ सुमारे ४.६ टक्के, हे बरोबर. पण तुझ्याकडे ४ चा सुळका आलाय आणि मंजुरीची मर्यादा आहे ५०,०००. तक्ता फक्त 'इथे बघ' म्हणतो. मर्यादेच्या ९० ते १०० टक्क्यांमधली बिलं काढ. एकाच पुरवठादाराची, आठवड्याच्या आतली, लागोपाठच्या नंबरांची निघाली तर मर्यादा चुकवायला ऑर्डर फोडल्याचा वास आहे. दरमहा येणारं ४७,००० चं एकच ठरलेलं बिल निघालं तर वास नाही, नुसतं भाडं आहे.

कारणाच्या रकान्यात 'मानवी चूक' आणि शिफारशीत 'प्रशिक्षण द्यावे' लिहिलंयस. दिन्या, हे तू लिहावंस? त्या माणसाला नियम पाठ आहे. महिनाअखेरीस सगळी बिलं एकदम का येतात, पर्यायी मंजुरीदार का नाही, हे विचार. मात्र पाच वेळा 'का' विचारताना एकाच फांदीवरून चालत जाऊ नकोस, प्रत्येक 'का'ला दोन-तीन उत्तरं निघतात.

'फाइंडिंग दिली, आपलं काम संपलं' हे तुझं वाक्य येणारच, म्हणून बेरिंग्ज या ब्रिटिश बँकेची गोष्ट. तिचा सौदे करणारा माणूस लीसन, त्याच्याकडे सौदे आणि त्यांचा हिशेब दोन्ही आहेत, ते वेगळे करा, हे १९९४ च्या अंतर्गत ऑडिटमध्ये लिहिलेलं होतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक बुडाली, तोटा सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंड. मला मात्र दुसरंच टोचतं. जवळजवळ बिनजोखमीच्या म्हणवणाऱ्या सौद्यांतून एवढा नफा येतो कसा, हा प्रश्न कुणी शेवटपर्यंत लावून धरला नाही. चांगल्या आकड्याला आपण चहूबाजूंनी कधी बघतच नाही. तुझ्या ड्राफ्टमध्येही वाचलेल्या खर्चाचा परिच्छेद तसाच सुटलाय.

सीआयएच्या (अंतर्गत ऑडिटरच्या परीक्षेच्या) तिसऱ्या भागाचं काय झालं? पोरीचा निकाल लागला का? वहिनींना सांग, त्यांचा निरोप मिळाला, उत्तर राहिलं ते माझ्याच आळसाने. नवी जागा मानवतेय ना?

लॉगिनचा लॉग मागव, पण आयटीकडून थेट, त्या खात्यामार्फत नको. आला की मला पाठव. या वेळी तीन आठवडे लावणार नाही.

तुझा,
नंदू