गावाच्या देवराईच्या छायाचित्र-संग्रहासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाने गावाच्या देवराईचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचा, छायाचित्र-संग्रह उभारण्याचे काम हाती घेतले असून, त्यासाठी ग्रामस्थ, चाकरमानी आणि माहेरवाशिणी अशा सर्वांकडे आम्ही मदत मागत आहोत.

देवराईचा म्हणून फोटो पूर्वी कोणी काढला नाही. तरीही घरोघरच्या अल्बमांत ती आहे. शिमग्यात सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या जागेवर) आलेल्या पालखीच्या किंवा लग्नानंतर ग्रामदेवतेच्या पाया पडायला आलेल्या जोडप्याच्या मागे सातविणीचे खोड दिसते, गारंबीची वेल दिसते, कौलारू देऊळ आणि जांभ्याचा चौथरा दिसतो. पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा मोलाचा अभ्यास केला. परंतु आपल्या गावची माणसे आपल्या राईत कशी वावरत होती, गावकी कोणत्या झाडाखाली बसत होती, हे सांगणारे चित्ररूप पुरावे आपल्याच कपाटांत आहेत. कोकणात ठिकठिकाणी जीर्णोद्धाराच्या वेळी मंडप आणि फरसबंदीसाठी जुनी झाडे तोडली गेली आहेत. आपल्या देवळाच्या कामाचा विचार सुरू असताना, कोणते झाड किती पिढ्यांनी पाहिले आहे हे गावासमोर असावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

म्हणून १९९० पूर्वीचे फोटो आणि निगेटिव्ह आम्हांला प्रथम हवे आहेत. प्रत काढून मूळ फोटो परत केले जातील. दमट हवेने प्लास्टिकला चिकटलेले फोटो कृपया ओढून काढू नयेत, अल्बम आहे तसाच द्यावा. फोटोतील माणसे आणि अंदाजे साल वेगळ्या कागदावर लिहून दिल्यास फार उपयोग होईल.

ज्या जागेवरून जुना फोटो घेतला गेला, तिथेच उभे राहून आजचा फोटो घ्यायचा आहे. त्यासाठी कॅमेरा हाताळणारे तरुण आणि जागा ओळखणारी वडीलधारी मंडळी, दोन्ही हवीत. गुरवांच्या परवानगीशिवाय गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवू नये. विणीच्या काळात धनेश पक्ष्याची मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसते आणि नर तिला फळे आणून भरवतो. त्या काळात ढोलीजवळ कोणीही जाऊ नये, तिची जागाही जाहीर करू नये. चांगल्या चित्राच्या मोहापायी घरटे उधळले जाणे आम्हांला मान्य नाही.

स्कॅनर, आम्लमुक्त कागदाची पाकिटे, हवाबंद पेट्या आणि दोन ठिकाणी प्रती ठेवण्यासाठी हार्ड डिस्क यांकरिता निधी लागणार आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल.

येत्या शिमग्यात सहाणेशेजारी पहिले प्रदर्शन मांडण्याचा मानस आहे. तत्पूर्वी, माघ पौर्णिमेपर्यंत अल्बम आणि देणग्या वाचनालयात पोहोचवाव्यात. मुंबईतील मंडळींनी अल्बम आणि देणग्या गावच्या मुंबई मंडळाकडे द्याव्यात, ही विनंती.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय