तिन्ही भिंतींना एकच ब्लॉक नको : कंपाउंड, टेरेस रूम आणि जनरेटर रूमबद्दल

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

लिफ्टजवळ लावलेली नोटीस वाचली. कंपाउंड वॉल पाडून नवीन, टेरेसवर सोसायटीची मीटिंग रूम आणि खाली जनरेटरची खोली, तिन्ही कामं एकाच कॉन्ट्रॅक्टरला आणि तिन्ही "लाइटवेट ब्लॉकमध्ये". ग्रुपवर त्यावरून जो दंगा झाला तोही पाहिला, कोणी म्हणतंय लाल विटेला तोड नाही, कोणी मातीच्या इंटरलॉकिंग ब्लॉकचा व्हिडिओ टाकतंय, एकाने तर प्रिंटरने छापलेल्या घराचा पण टाकला. मी तिथे गप्प बसले कारण चार ओळींच्या वर तिथे कोणी वाचत नाही. पण माझं रोजचं काम साइटवरचंच असल्यामुळे तुम्हाला हे सविस्तर लिहितेय. म्हणणं एवढंच की या तीन भिंतींची कामं तीन वेगळी आहेत, तेव्हा ब्लॉकही वेगळे लागणार, म्हणून कोटेशनवर सही करायच्या आधी आयटम वेगळे करून घ्या.

टेरेस रूमपासून सुरुवात करते कारण तिथे कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. लाइटवेट म्हणजे इथे एएसी ब्लॉक (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, दाबाच्या वाफेत पिकवलेलं, आतून बारीक भोकांचं हलकं काँक्रीट) हवा, आणि ती काही कालपरवा निघालेली फॅशन नाही, १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान अक्सेल एरिक्सन नावाच्या आर्किटेक्टने हे काढलं, तेव्हा त्यांना लाकडासारखं हलकं आणि ऊब धरणारं पण न जळणारं, न कुजणारं काहीतरी हवं होतं. चुना, सिमेंट, जिप्सम, बारीक वाळू किंवा फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख) आणि त्यात अगदी चिमूटभर अॅल्युमिनियमची पावडर. ओल्या मिश्रणातल्या चुन्याशी अॅल्युमिनियमची रिअॅक्शन होते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि साच्यातला माल फुगून वर येतो. मग तो तारेने कापतात आणि बंद टाकीत साधारण १८० ते १९० अंशांच्या वाफेत, हवेच्या दाबाच्या दहा-बारापट दाबाखाली कित्येक तास ठेवतात. या वाफेमुळेच त्याला ताकद येते. नुसता फेस आणून उघड्यावर पाणी मारून वाळवलेला ब्लॉक दिसायला तसाच असतो पण तो वेगळा माल, त्याला सीएलसी (सेल्युलर लाइटवेट काँक्रीट) म्हणतात आणि तो सुकताना जास्त आकसतो. तेव्हा कोटेशनमध्ये "लाइटवेट ब्लॉक" असं मोघम लिहिलेलं आहे ते आधी खोडायला लावा आणि एएसी असं स्पष्ट लिहून घ्या.

वजनाचा हिशोब सांगते. ३० मीटर लांब, ३ मीटर उंच, ८ इंची भिंत धरली तर साधारण १८ घनमीटर बांधकाम होतं. विटेत ते ३२ टनांच्या वर जातं, एएसीमध्ये कोरडं १२ टनांच्या आत, ओल आणि मसाला धरून १४ म्हणा. म्हणजे जुन्या स्लॅबच्या डोक्यावरचा १८ टन बोजा वाचतो. अर्थात त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागणार नाही असं कोणी समजू नका, १४ टन पण स्लॅबला नवीनच आहेत आणि भिंत नेमकी कोणत्या बीमवर येतेय हे तोच सांगणार.

बरं, एएसीच्या भिंतीला भेगा पडतात अशी जी ओरड असते ती खोटी नाही पण बहुतेक वेळा ब्लॉक दोषी नसतो. आपले गवंडी विटेवर हात बसलेले, वीट पाण्यात बुडवून लावायची सवय, तीच इथे करतात, पाइप धरून ब्लॉकचा ढीग चिंब भिजवतात. हा ब्लॉक आतून भरपूर पाणी धरतो आणि मग भिंत झाल्यावर महिनोन्‌महिने सुकत आकसत राहतो, आणि वरचा गिलावा बिचारा फाटतो. याला फक्त लावायच्या बाजूवर ओला ब्रश फिरवला की पुरे. सांधा पण वेगळा, नेहमीचा वाळू-सिमेंटचा बोटभर जाड थर नाही तर तयार पिशवीतला चिकट मसाला दात्यांच्या पत्र्याने ओढून २ ते ३ मिलीमीटर. एवढ्या पातळ सांध्यात ब्लॉक वाकडा असेल तर झाकायला जागाच राहत नाही, म्हणून पहिला रद्दा (ब्लॉकचा आडवा थर) लेव्हलमध्ये नसेल तर वरचं काम करू देऊ नका. कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे गिलाव्याच्या आत जाळी हवीच. वर बीमखाली थोडी फट सोडून ती सगळ्यात शेवटी भरायची, तोवर भिंत काय बसायची ती बसून घेते. आणि इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवा की छिन्नी-हातोडा चालवायचा नाही, कटरनेच खाच मारायची. मी पाहिलेल्या निम्म्या भेगा वायरच्या पाइपाच्या रेषेतच असतात!

एक साधी गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. ६०० बाय २०० बाय २०० चा ब्लॉक सुका असेल तर १४-१५ किलो भरतो. गाडीतून उतरवताना दोन-चार ब्लॉक वजनकाट्यावर ठेवा, १९-२० किलो भरले तर एकतर माल कालच टाकीतून निघालाय किंवा पावसात भिजलाय, तो लगेच भिंतीत जाऊ द्यायचा नाही. आणि एखादा फोडून बघा, आतली भोकं बारीक आणि सगळीकडे सारखी असायला हवीत.

आता कंपाउंड. इथे मात्र एएसीला माझा सरळ विरोध आहे. कुठलीही कंपाउंड वॉल दोन्ही बाजूंनी पावसात उभी, खालून जमिनीची ओल, वर छप्पर नाही, आणि गेटजवळ गाड्या घासणार ते वेगळंच. पाणी पिणारा आणि कोपऱ्याला ठोकर लागली की चुरा होणारा ब्लॉक इथे लावून काय साध्य होणार? इथे हलकेपणाचा उपयोग शून्य, उलट उघड्यावरच्या भिंतीला वारा ढकलतो तेव्हा वजन असलेलं बरं. इथे भरीव काँक्रीट ब्लॉक घ्या, नाहीतर पोकळ काँक्रीट ब्लॉक घेऊन ठराविक अंतरावरच्या पोकळीत सळई उभी करून काँक्रीट भरा, म्हणजे कॉलमची वेगळी शटरिंग वाचते. पोकळ ब्लॉकचं मशीन अमेरिकेत हार्मन पामरने १९०० साली पेटंट केलं, म्हणजे ही आयडिया एएसीहून पण जुनी, आणि अजून तिला पर्याय सापडलेला नाही यातच काय ते समजा. फक्त साधारण दर ६ मीटरवर एक उभा जॉइंट सोडायचा, नाहीतर काँक्रीट आपली भेग आपण शोधून घेतं. वर उतार दिलेली कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचं झाकण) आणि तिच्या खालच्या बाजूला पाणी तुटायला खाच.

पण जुनी भिंत का झुकली ते आधी बघा की! गार्डनच्या बाजूला जाऊन उभे राहा, कुंड्या काढून काढून माती भिंतीला लागून गुडघ्याच्या वर आलीय. बाहेरच्या बाजूने त्याच पातळीवर रंग फुगलाय, पांढरा लोणा आलाय आणि बोटाने टकटक केलं तर गिलावा पोकळ वाजतो. भिंत आडोशासाठी बांधलेली आणि काम करतेय मातीला अडवायचं, त्यात पाणी निघायला एक भोक नाही. ही माती तशीच ठेवली तर जगातला कुठलाही ब्लॉक आणा, झुकणारच. एकतर माती काढा किंवा तेवढा भाग रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) म्हणून डिझाइन करून घ्या, वीप होल (पाणी निघायची भोकं) आणि मागे खडी घालून.

मातीच्या ब्लॉकचा जो व्हिडिओ आला होता तो विषय मला मनापासून आवडतो. भट्टी नाही, सरपण नाही, माती आणि थोडं सिमेंट दाबून ब्लॉक, हाताने चालवायचं सिन्व्हा-राम नावाचं प्रेस १९५० च्या दशकात कोलंबियात राऊल रामिरेझने केलं आणि तिथून हे तंत्र जगभर गेलं. पण त्याला खाली काँक्रीटचा जोता आणि वर चांगलं छप्पर लागतं. पुढे कधी गार्डनमध्ये छप्पर असलेली बसायची जागा केली तर तिथे जरूर करू. थ्रीडी प्रिंटिंग वगैरे आपल्या कामाला राहू दे, तेवढ्या भिंतीसाठी मशीन आणून उभं करायलाच जास्त खटाटोप.

राहिली जनरेटर रूम, आणि इथे ए विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या लोकांसाठी बोलतेय. आवाज अडवायला मुख्यतः वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने ५-६ डेसिबल आवाज कमी होतो, म्हणून जो ब्लॉक टेरेसवर गुणी ठरतो तोच इथे कमी पडतो. जमिनीवरचं काम आहे, वजनाची चिंता नाही, तेव्हा भरीव काँक्रीट ब्लॉक किंवा फ्लाय अॅशच्या विटा घ्या आणि दोन्ही बाजूंनी गिलावा करा. अजून एक, गवंडी आडव्या सांध्यात मसाला नीट घालतो आणि उभा सांधा बाहेरून नुसता पुसून घेतो. गिलाव्याच्या आधी संध्याकाळी आतून बॅटरी मारून कोणाला तरी बाहेर उभं करा, उजेड दिसला तिथून आवाज पण येणार. दार आणि हवेच्या जाळीचं बघावं लागेलच, नुसत्या भिंतीने सगळं भागणार नाही, पण ते जनरेटर कंपनीच्या माणसाला विचारून ठरवा.

तर कॉन्ट्रॅक्टरकडून तीन वेगळे आयटम लिहून घ्यावेत, एएसीसोबत पातळ सांध्याचा मसाला आणि जाळी कोटेशनमध्येच धरायला लावावी, नंतर "एक्स्ट्रा" म्हणून नको, आणि ब्लॉकची घनता, ताकद आणि पाणी शोषण्याचा टेस्ट रिपोर्ट मागावा. रविवारच्या मीटिंगला मी येतेच आहे, कॉन्ट्रॅक्टरला पण बोलवा म्हणजे समोरासमोर होईल. आणि टेरेसवर माल चढायच्या आधी सेक्रेटरींना सांगून ताडपत्री आणि खाली ठेवायला लाकडी फळ्या काढून ठेवा, माल उतरल्यावर शोधाशोध करण्यात अर्धे ब्लॉक भिजतात.

आपली,
बी विंग, चौथा मजला